उघडून पाहिलंत का?

या लेखाचा प्रश्न आरंभीच मांडलेला बरा. ज्या माणसाने दुसऱ्याच्या तोंडचे ‘आहे’ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय कधीच स्वीकारले नाही, त्याला विक्षिप्त म्हणावे की म्हणू नये? आमच्या कार्यालयात या प्रश्नाचा निकाल फार पूर्वी एकमताने लागला होता, आणि मत देणाऱ्यांत मीही होते. पुढे लोणी काळभोरच्या एका लहान रुग्णालयात, एका सोमवारी सकाळी, ते मत मला तपासून घ्यावे लागले. ते कसे, हे सांगण्यासाठी आधी त्या माणसाची ओळख करून द्यायला हवी.

ते आमच्या कंपनीतले सर्वांत ज्येष्ठ प्रोग्रॅमर. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत आणि त्यांच्या पाठीमागे ‘पाहिलंत-का सर’. कंपनी लहान रुग्णालयांसाठी रुग्णांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर तयार करीत असे. कंपनीच्या संकेतस्थळावर एका काचेच्या उत्तुंग इमारतीचे छायाचित्र होते. प्रत्यक्षात आम्ही बुधवार पेठेत, मिक्सर आणि पंख्यांच्या एका दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर बसत होतो. पहिल्यांदा येणारा ग्राहक रस्त्यावर उभा राहून मान वर करून काच शोधू लागला, की सर खिडकीतून सांगत, “ती इमारत आमची नाही. जिना आमचा आहे. तो डावीकडे.” व्यवस्थापकाला हे मुळीच आवडत नसे.

मी अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला त्यांचा प्रसाद मिळाला. त्यांनी विचारले, “थर्मासमध्ये चहा आहे का?” मी म्हटले, “आहे, सर.” “उघडून पाहिलंत का?” “नाही, पण शिपाईकाकांनी आत्ताच आणून ठेवला.” “म्हणजे थर्मास आणून ठेवला. मी चहाचं विचारलं.” ते उठले, त्यांनी झाकण काढले, आत डोकावून पाहिले, झाकण लावले आणि जागेवर येऊन बसले. चहा होता. त्यांनी तो घेतला नाही. त्यांना तेव्हा चहा नकोच होता, एवढेच मला पुढे कळले.

डबा ते सकाळी आल्या आल्या उघडून पाहत. जेवायच्या वेळेला पाहिले तर उशीर झालेला असतो, असे त्यांचे म्हणणे होते. स्कूटरच्या पेट्रोलचा काटा चालू होता, तरी टाकीचे झाकण काढून, स्कूटर किंचित हलवून, आतला आवाज ऐकल्याशिवाय ते निघत नसत. एकदा त्यांच्या पत्नी कार्यालयात आल्या असताना मी हसत हसत विचारले, “घरीही असंच चालतं का?” त्या म्हणाल्या, “अहो, लग्नाला तीस वर्षं झाली. मी ‘बरी आहे’ म्हटलं आणि ह्यांनी ते तसंच घेतलं, असं एकदाही झालं नाही. आधी कपाळाला हात लावतात, मग थर्मामीटर शोधतात.” हे त्या तक्रारीच्या सुरात सांगत होत्या. पण सांगून झाल्यावर त्यांनी नवऱ्याच्या टेबलावरचा डबा स्वतः उघडून पाहिला. सवय लागते.

त्यांच्या या स्वभावाचा सर्वाधिक जाच व्हायचा तो ऑनलाइन बैठकीत. पडद्यावर सगळ्यांचे चौकोन मांडलेले असत. व्यवस्थापकाच्या चौकोनात त्याचा हसरा फोटो. आमचा व्यवस्थापक वयाने तरुण, चलाख आणि अत्यंत व्यग्र होता. एकाच वेळी तीन बैठकांना उपस्थित राहण्याची कला त्याला साधली होती. सर बैठकीच्या मध्येच थांबत आणि त्या फोटोला एक साधा प्रश्न विचारत. फोटो हसत राही. सर थोडा वेळ थांबून इतिवृत्त लिहिणाऱ्या मुलीला सांगत, “लिहून घ्या. साहेब आहेत असं दिसतं. पण उघडत नाहीत.” काही मिनिटांनी चौकोनातून धावतपळत आवाज येई, “सॉरी सॉरी, सर, म्यूटवर होतो!” सर म्हणत, “हरकत नाही. आपण आहात हे कळलं.”

आता थोडा तांत्रिक भाग येतो. वाचकांपैकी सगळेच आमच्या क्षेत्रातले नसतील, म्हणून तो मला सरांनी जसा शिकवला तसाच सांगते. मीही तो पुस्तकातून नव्हे, खालच्या दुकानातून शिकले.

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये रुग्ण ही एक वस्तू असते आणि तिच्याशी जोडलेल्या इतर वस्तू असतात: त्याचा पत्ता, त्याच्या तपासण्या, त्याला कोणते औषध चालत नाही याची नोंद. या सगळ्या गोष्टी प्रत्यक्षात डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या गोदामात असतात. गोदाम आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये ने-आण करणारी एक तयार यंत्रणा आम्ही वापरतो. ही यंत्रणा आळशी आहे, आणि ते तिचे दूषण नव्हे. तिच्या या पद्धतीचे अधिकृत नावच ‘लेझी लोडिंग’ असे आहे. रुग्णाचे नाव मागितले तर ती फक्त नाव आणते. बाकीच्या वस्तूंच्या जागी ती एकेक बदली वस्तू उभी करते; तिला प्रॉक्सी म्हणतात. तुम्ही बदलीला हात लावलात, तरच यंत्रणा गोदामात धावते आणि खरी वस्तू आणते.

हे ऐकून मी सरांना म्हटले होते, “कळलं, सर.” त्यांनी अर्थातच विचारले, “पाहिलंत का?” आणि ते मला जिन्यावरून खाली दुकानात घेऊन गेले.

काउंटरमागे दुकानदार पेपर वाचत बसले होते. त्यांच्या मागच्या फळीवर मिक्सरचे खोके छतापर्यंत रचलेले. सर म्हणाले, “तो वरचा मिक्सर आहे का?”

दुकानदारांनी पेपरातून मान वर केली नाही. “दिसतोय ना? मग आहे.”

“खोकं दिसतंय. मिक्सर आहे का?”

“घ्यायचा आहे की चौकशी?”

“घ्यायचा आहे असं समजा.”

“समजून मी काही काढत नाही. घ्यायचा असेल तर सांगा, कसब्यातल्या गोदामातून मागवतो. इथली खोकी रिकामी आहेत. भरलेली ठेवली तर फळी माझ्या डोक्यावर येईल.”

“आणि गोदामात नसला तर?”

“तर ‘संपला’ म्हणून सांगेन. आधीच कसं सांगू? मी इथं बसलोय, गोदाम तिथं आहे.”

“आत्ता मागवता?”

“आत्ता गोदाम बंद. ज्याच्याकडे किल्ली आहे तो जेवायला गेलाय. चारनंतर या. आणि खरंच घ्यायचा असेल तर या.”

सर समाधानाने माझ्याकडे वळले आणि तिथेच, दुकानदारांच्या त्रासिक नजरेसमोर, त्यांनी तो धडा पूर्ण केला. फळीवर खोकेच नसेल, त्याला आम्ही ‘नल’ म्हणतो: जोडलेले काहीच नाही. ‘नल नाही ना?’ एवढे तपासणारी ओळ प्रत्येक नवशिक्या लिहितो आणि त्याला वाटते, झाले काम. पण रिकामे खोकेही ‘नल नाही’ या परीक्षेत उत्तीर्ण होते, कारण खोके तर आहे. ते उघडायला गेल्यावर तीन गोष्टी घडू शकतात. गोदामातून माल येईल. किंवा गोदामात माल नाही असे कळेल. किंवा गोदामच बंद असेल. शेवटच्या दोन प्रसंगांत प्रोग्रॅम ओरडतो, तक्रार करतो, थांबतो. “ओरडणारा प्रोग्रॅम वाईट नसतो, मॅडम,” सर म्हणाले, “त्याला काहीतरी ठाऊक नाही, आणि तो ते कबूल करतोय.”

दुकानदार म्हणाले, “संपला का तास? गिऱ्हाइकाला जागा द्या.”

मी शिक्षकाची मुलगी आहे. धडा पाठ करणे आणि धडा कळणे यांत फरक असतो, हे वडील नेहमी सांगत. माझा हा धडा पाठ झाला होता.

लोणी काळभोरच्या त्या रुग्णालयात आमचे सॉफ्टवेअर सोमवारपासून सुरू व्हायचे होते. तिथल्या जुन्या कागदी फायलींवरून माहिती संगणकात भरून झाली होती. शुक्रवारी व्यवस्थापक माझ्या टेबलापाशी आला. काही रुग्णांचे पान उघडले की मध्येच लाल अक्षरांत तक्रार येत होती: ‘ॲलर्जीची नोंद उघडता आली नाही.’

“मॅम, बेसिकली क्लायंटला स्क्रीन क्लीन हवी आहे,” तो म्हणाला. “मंडेला गो-लाइव्ह आहे. डॉक्टरांनी ते लाल बघितलं ना, तर फर्स्ट इम्प्रेशनच खल्लास.”

सर तीन दिवसांच्या रजेवर होते. त्यांच्या मुलीने कळवले होते की नवे घर छान आहे, आणि ते पाहायला गेले होते. मी पद्धतशीरपणे कामाला लागले. आधी ‘नल आहे का’ हे तपासणारी ओळ लिहिली. तक्रार थांबली नाही; खोके होतेच. मग मी विचार केला: उघडायला गेल्यावर काही मिळत नाही, याचा अर्थ तिथे काही नाही. म्हणून मी तक्रार मधल्या मध्ये अडवली आणि तिच्या जागी पडद्यावर दोन शब्द आणले. ‘ॲलर्जी: नाही.’ हिरव्या रंगात. माझी ती चार ओळींची दुरुस्ती इतकी नेटकी होती की मी ती दोनदा वाचली.

“क्या बात है! एकदम क्लीन!” व्यवस्थापक म्हणाला.

आमच्याकडे नियम असा होता, की कोणताही बदल ग्राहकाकडे जाण्यापूर्वी सरांनी तो वाचायचा आणि यादीत त्यांच्या नावापुढे ‘तपासले’ अशी खूण करायची. खूण नसेल तर यंत्रणा बदल पुढे जाऊच देत नसे. व्यवस्थापकाने सरांच्या नावापुढे स्वतःच खूण केली. “फॉर्मॅलिटी आहे,” तो मला म्हणाला. मी मान डोलावली. शनिवारी तो बदल लोणी काळभोरला पोचला.

सोमवारी सकाळी सर रजेवरून आले. थर्मास पाहिला, डबा पाहिला आणि बदलांची यादी उघडली. थोड्या वेळाने त्यांनी मला आणि व्यवस्थापकाला बोलावले. आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. पुण्यात ही चांगली खूण नव्हे.

“मी हे तपासलं, असं इथं लिहिलं आहे,” ते म्हणाले. “मी काय तपासलं, ते जरा मला दाखवता का?”

व्यवस्थापक म्हणाला, “सर, ते मी टिक केलं. तुम्ही लीव्हवर होता. छोटा चेंज होता.”

“म्हणजे माझ्या नावाचं खोकं होतं आणि आत आपण होतात.” मग ते माझ्याकडे वळले. त्यांनी पडद्यावरच्या हिरव्या शब्दांवर बोट ठेवले. “मॅडम, हे ‘नाही’ कोणी सांगितलं?”

“कोणी नाही, सर. नोंद उघडत नव्हती म्हणून...”

“नोंद उघडत नव्हती, हे तुम्हाला कळलं. डॉक्टरांना काय कळेल?”

उत्तर पडद्यावर होते. कदाचित गोदाम बंद असेल, कदाचित नोंद हरवली असेल, कदाचित ती कधी केलीच नसेल. या सगळ्या अज्ञानांना मी एकच हिरवे, निश्चिंत नाव दिले होते. ज्या रुग्णाला एखादे इंजेक्शन प्राणावर बेतू शकते, त्याच्या डॉक्टरांना मी लेखी कळवत होते की खुशाल द्या.

सरांनी रुग्णालयात फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडे तिथल्या सिस्टर होत्या.

“सिस्टर, आज ऑपरेशन आहे का कुणाचं?”

“हाय की. पित्ताशयाच्या खड्याचं. आज्जी हायत एक. तासाभरात घेनार आत.”

“त्यांच्या पानावर ॲलर्जीपुढे काय लिहिलंय?”

“‘नाही’ लिवलंय. हिरवं. लई झ्याक दिसतंय आता, सर. आधी समदं लाल लाल व्हायचं.”

“ते मानू नका. डॉक्टरांना फोन देता?”

“डॉक्टर राउंडला हायत. सांगते की त्यास्नी.”

“सांगाल ना नक्की?”

“सांगते म्हनलं ना, सर,” आणि फोन ठेवला गेला.

व्यवस्थापक सुटकेने म्हणाला, “चला, सांगतील त्या.”

सरांनी हेल्मेट उचलले. “सांगते म्हणाल्या. सांगितलं असं म्हणाल्या नाहीत. मॅडम, चला.”

निघण्यापूर्वी त्यांनी स्कूटरच्या टाकीचे झाकण काढले, स्कूटर हलवली आणि कान लावला. तिकडे आजींना आत घ्यायची वेळ जवळ येत होती आणि ते पेट्रोलचा आवाज ऐकत होते. त्या क्षणी मी त्यांना मनातल्या मनात जे म्हटले ते इथे लिहिण्याजोगे नाही. हडपसरच्या वाहनांच्या रांगेतून सोलापूर रस्त्याला लागेपर्यंत मी मिनिटे मोजत होते. एका सिग्नलला सर म्हणाले, “तुम्ही हुशार आहात. त्याचीच मला भीती वाटते.”

रुग्णालय दुमजली होते. वरच्या खोलीत आजी खाटेवर बसल्या होत्या, ऑपरेशनचा हिरवा झगा घालून, हातात सलाइनची सुई टोचलेली. शेजारच्या ट्रेमध्ये भरून ठेवलेले इंजेक्शन होते. शस्त्रक्रियेपूर्वी जंतुसंसर्ग टाळण्यासाठी देतात ते. सिस्टर आम्हाला पाहून चकित झाल्या.

“अगं बया, तुमी आलात व्हय? डॉक्टर अजून राउंडलाच हायत. सांगनार व्हते की.”

“हे इंजेक्शन यांचंच ना?” सरांनी विचारले. “यांना विचारलंत का काही?”

“इचारलं की. म्हनलं, आज्जी, तुमचं समदं लिवलेलं हाय ना? तर त्या म्हनल्या, हाय.”

आजींनी मान डोलावली. “हाय की. समदं लिवलेलं हाय.”

सर खाटेपाशी एक स्टूल ओढून बसले. “आजी, काय लिहिलंय?”

“ते मला काय ठावं? कागदावर हाय. हितंच हाय, ह्यांच्याकडं.”

“कधी एखादं इंजेक्शन घेतलं आणि त्रास झाला, असं झालं होतं का?”

“झालं व्हतं की!” आजी इतक्या सहज म्हणाल्या, जणू कुणी जेवलात का विचारले. “दोन सालामागं पायाला गळू झालं व्हतं तवा. हितंच टोचलं. अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, दम लागला. म्हनलं आता काय मी ऱ्हात न्हाई. तवाच्या डॉक्टरांनी लाल शाईनं लिवलं. म्हनले, आज्जी, आता कुनाला सांगत बसायला नगं. हे बघितलं की कळंल.”

सिस्टरनी ट्रे उचलला आणि दूरच्या टेबलावर, भिंतीला टेकवून ठेवला. मग त्या जवळजवळ पळतच डॉक्टरांना बोलवायला गेल्या. डॉक्टरांनी आजींना पुन्हा तेच प्रश्न विचारले, औषध बदलले, ऑपरेशन तासभर पुढे ढकलले. ते नीट पार पडले.

पण सर एवढ्यावर थांबणारे नव्हते. नोंद कुठे गेली हे त्यांना पाहायचे होते. जिन्याखालच्या खोलीत जुन्या फायलींचे गठ्ठे होते. सिस्टरनी शोधून आजींची फाइल बाहेर काढली. कव्हरवर आजींचे नाव होते, कोपऱ्यात लाल शाईची मोठी फुली होती, आणि तिच्याखाली लिहिले होते: ‘ॲलर्जी कागद आत’, पुढे त्या कागदाचा क्रमांक.

“हे बघा, हाय की, सर,” सिस्टर विजयाने म्हणाल्या.

“कव्हर आहे. आत पाहिलंत का?”

त्यांनी फाइल उघडली. आत काही नव्हते. कागद केव्हातरी गळून पडला होता, किंवा कुणी दुसऱ्या फायलीत लावला होता. ते आजतागायत कळलेले नाही. माहिती भरणाऱ्या मुलीने कव्हरवरचा क्रमांक इमानदारीने संगणकात भरला. म्हणून आमच्या यंत्रणेला जोडणी सापडत होती आणि वस्तू सापडत नव्हती. मी फाइल हातात घेऊन उभी राहिले. बुधवार पेठेतल्या फळीवरचे खोके मला आता कळले. आजी म्हणत होत्या फाइलला ठाऊक आहे, कव्हर म्हणत होते कागदाला ठाऊक आहे, संगणक म्हणत होता गोदामाला ठाऊक आहे. हे फक्त आजींना ठाऊक होते, आणि त्यांना आम्ही सर्वांनी मिळून सांगितले होते की तुम्ही बोलायची गरज नाही.

परत आल्यावर मी दुरुस्ती केली. पडद्यावर आता तीन उत्तरे येऊ शकतात. नोंद असेल तर नोंद. कुणी रुग्णाला विचारून तसे लिहिले असेल, तरच ‘विचारले, नाही’, विचारणाऱ्याच्या नावासह. बाकी सर्व प्रसंगी लाल अक्षरांत: ‘ठाऊक नाही. रुग्णाला विचारा.’

व्यवस्थापक हे पाहून खुर्चीतून उठला. “सर, आपण क्लायंटला ‘ठाऊक नाही’ असं कसं दाखवणार? आपण सोल्यूशन विकतो. डाउट नाही विकत!”

“मग ‘नाही’ दाखवू,” सर म्हणाले. “मात्र त्याखाली ‘मी सांगतो म्हणून’ असं लिहू आणि पुढे आपलं नाव घालू. घालू का?”

व्यवस्थापक बसला. पुढे त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात ‘रुग्णकेंद्री तिसरे उत्तर’ या कल्पक सुविधेबद्दल त्याचा सत्कार झाला. मानचिन्हाचे खोके त्याच्या हाती देण्यात आले तेव्हा सर पहिल्या रांगेतून म्हणाले, “उघडून बघा.” सगळे हसले. त्याने उघडले. मानचिन्ह मागाहून येणार होते.

सर निवृत्त होऊन आता बराच काळ लोटला. कंपनीच्या कर्मचारी यादीत माझ्या नावापुढे ‘वरिष्ठ’ म्हणून अजून त्यांचेच नाव दिसते. त्यावर क्लिक केले तर ‘माहिती उघडता आली नाही’ अशी तक्रार येते. ती दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे आहे. मी ते केलेले नाही. तो पडदा निदान खरे बोलतो.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर. चहाच्या बाबतीत ते विक्षिप्त होते. मी साक्षीदार आहे. टाकीच्या बाबतीत त्या सोमवारी माझे मत अनुकूल नव्हते आणि आजही नाही. आपल्याला ठाऊक नाही तिथे ‘नाही’ असे लिहू नये, या बाबतीत मात्र ते विक्षिप्त नव्हते. ते एकटे होते, आणि या दोन गोष्टी आम्ही एकच समजत होतो.

या निष्कर्षावर वाचकांनी केवळ माझ्या सांगण्यावरून विश्वास ठेवू नये, अशी विनंती आहे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची रुग्णालयातली फाइल आज काढावी. तिच्यात ‘ॲलर्जी: नाही’ असे लिहिलेले असेल, तर ते कोणी, केव्हा आणि कोणाला विचारून लिहिले, हे पाहावे. मग ती फाइल बाजूला ठेवावी आणि ज्यांची आहे त्यांना एकदा विचारावे.